जुन्या गाडीचा ब्रेक बिघडला: दोष बूस्टरचा की मास्टर सिलिंडरचा?

जुन्या गाडीचा ब्रेक बिघडला की पहिलं बोट बूस्टरकडे जातं. बॉनेट उघडल्यावर तो पत्र्याचा गोल काळा डबा लगेच नजरेत भरतो, आणि त्याच्या तोंडाशी दोन नटांवर बसवलेला मास्टर सिलिंडर त्याचाच एक भाग वाटतो. मग ‘बूस्टर गेलाय’ असं ठरवून दोन्ही एकदम उतरवले जातात, दोन्ही बदलले जातात आणि नेमकं काय गेलं होतं ते कुणालाच कळत नाही. अलीकडच्या गाडीत हे खपून जातं. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीचा बूस्टर मात्र नवा मिळेलच याची खात्री नसते, आणि मूळ बूस्टर उघडून दुरुस्त करणं हे नाजूक काम आहे. ते विनाकारण करू नये. पाना हातात घेण्याआधी पायानेच बरंचसं निदान होतं.

आधी कोण काय करतं ते पाहू. मास्टर सिलिंडर दाब तयार करतो आणि धरून ठेवतो. आत दट्ट्या, त्यावर रबरी कप, पुढे ब्रेक ऑइल. पेडल दाबलं की ऑइलवर दाब येतो आणि नळ्यांमधून चाकांपर्यंत पोचतो. बूस्टर यातलं काहीही करत नाही. तो फक्त पायाचा जोर वाढवून मास्टरच्या दट्ट्याला देतो. त्याच्या आत ऑइलचा थेंबही नसतो, नसायला हवा. डब्याचे डायफ्रामने, म्हणजे रबरी पडद्याने, दोन कप्पे केलेले असतात. पायाचा दाब नसताना दोन्हींत इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून) आलेला व्हॅक्यूम असतो. पेडल दाबल्यावर मधला व्हॉल्व्ह मागचा कप्पा व्हॅक्यूमपासून तोडतो आणि त्यात बाहेरची हवा सोडतो. पुढे पोकळी, मागे वातावरणाचा दाब. डायफ्राम पुढे ढकलला जातो.

हा जोर किती, याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या स्थितीतलं पेट्रोल इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना, पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच व्हॅक्यूम देतं. २० इंच धरले तर डायफ्रामच्या प्रत्येक चौरस इंचावर जवळजवळ १० पौंडांचा फरक पडतो. ८ इंच व्यासाच्या डायफ्रामचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच. म्हणजे जवळपास ५०० पौंड, सव्वादोनशे किलोंच्या आसपास. एवढी मदत अचानक गेली की पेडल दगडासारखं का लागतं, ते कळायला आणखी काही सांगायला नको.

यावरून पहिला नियम निघतो. पेडल कडक झालं, खाली जायलाच तयार नाही, आणि गाडी थांबवायला दोन्ही पायांचा जोर लावावासा वाटतो, तर संशय बूस्टरवर. पेडल सहज दबतं, पण पाय तसाच ठेवला तर हळूहळू खचत जमिनीकडे जातं, तर संशय मास्टरवर. पेडल स्पंजसारखं लागत असेल आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल तर दोघांनाही सोडा, आधी नळ्यांतली हवा काढा. ड्रम ब्रेकच्या गाडीत पेडल लांब जाऊन मारल्यावर वर येत असेल पण कडक असेल, तर शू (ड्रमला आतून घासणारे भाग) ॲडजस्ट करायचे राहिलेत.

नियम चांगला आहे, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बूस्टर ठणठणीत असूनही पेडल कडक लागू शकतं: कॅलिपरचे (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन गंजून अडकले, लायनिंगला (घासणाऱ्या थराला) काचेसारखी चकाकी आली किंवा त्यांना ऑइल लागलं, तरी गाडी थांबत नाही आणि माणूस जोर लावत राहतो. आणि बूस्टरपर्यंत व्हॅक्यूमच पोचत नसेल तर बूस्टरने काय करावं? जुनी रबरी नळी बाहेरून छान दिसते, आतून मऊ पडलेली असते, आणि इंजिन चालू झालं की व्हॅक्यूमने आत चिकटून बंद होते. साधी पाण्याची किंवा पेट्रोलची नळी तिथे लावलेली असेल तर हमखास हेच होतं. तिथे व्हॅक्यूमसाठीची जाड भिंतीची नळीच हवी. इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असेल किंवा इंजिनला रेसिंगचा कॅमशाफ्ट बसवला असेल तरी व्हॅक्यूम कमी पडतो. डिझेल इंजिनमध्ये तर बहुतेकदा थ्रॉटलच (हवा अडवणारी झडप) नसतो, त्यामुळे व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतो आणि पंप थकला की आळ बूस्टरवर येतो. म्हणून बूस्टर उतरवण्याआधी त्याच्या नळीवर व्हॅक्यूम गेज लावून पाहावा. हे न करता बूस्टर उघडणारा मेकॅनिक मला तरी घाईचा वाटतो.

आता पायाच्या चाचण्या. सपाट जागा, चाकांना अडसर, गाडी न्यूट्रलमध्ये.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपेल. पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. बूस्टर काम करत असेल तर पेडल पायाखाली थोडंसं खाली जाईल. अजिबात हललं नाही, तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर मेलाय. खाली गेलं आणि जातच राहिलं, तर मास्टरकडे वळा.

पुढची चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती दोघांनाही एकाच वेळी बोलतं करते. इंजिन चालू असताना पेडल दाबा आणि दाबलेलंच ठेवून इंजिन बंद करा. अर्धा मिनिट पाय तसाच धरा. पेडल जागचं हललं नाही तर दोघेही निर्दोष. पेडल पायाला वर ढकलू लागलं, तर बूस्टरमधून व्हॅक्यूम गळतोय: डायफ्राम फाटलाय, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा नळीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) उलटी हवा सोडतोय. आणि पेडल खाली खचलं, तर ऑइलचा दाब कुठेतरी पळतोय, आणि त्याच्याशी बूस्टरचा संबंध नाही. बाहेर कुठेही ओल नसेल तर तो मास्टरच्या आतच, कपच्या कडेवरून मागे जातोय.

इथे मास्टरची एक लबाडी लक्षात ठेवावी लागते. झिजलेला कप जोरात दाबल्यावर पसरून भिंतीला घट्ट बसतो आणि दाब धरतो. हलक्या पायाने दाबल्यावर मात्र गळतो. म्हणून अशी गाडी सिग्नलला उभी असताना पेडल हळूच खचतं आणि करकचून ब्रेक मारला की उत्तम थांबते. मालक सांगतो, ‘ब्रेक तर मस्त लागतो’, आणि त्याचं खोटं नसतं. तेव्हा चाचणी हलक्या पायाने आणि जोर लावून, दोन्ही प्रकारे करायची.

आवाजही ऐकावा. पेडल दाबताना पायाशी क्षणभर ‘फुस्स’ होणं साहजिक आहे, तीच हवा मागच्या कप्प्यात शिरते. पाय स्थिर असताना किंवा पाय काढल्यावरही सूं सूं चालूच असेल आणि त्याबरोबर इंजिनचं आयडल हेलकावे खात असेल, तर डायफ्राम किंवा व्हॉल्व्ह गेला. कार्बुरेटरवाल्या गाडीत ही फुकटची हवा मिश्रण पातळ करते. लोक मग कार्बुरेटर खोलून बसतात.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो एकाच्या दोषाने दुसरा मरतो तेव्हा. मास्टरचा मागचा सील गळू लागला की ऑइल बाहेर जमिनीवर पडत नाही, ते थेट बूस्टरच्या पोटात जातं. व्हॅक्यूम ते ओढूनही घेतो. डब्यात तळाशी ऑइल साचतं, डायफ्राम फुगतो, आतला रंग सोलून निघतो, पत्रा गंजतो. पुढे हेच ऑइल नळीतून इंजिनमध्ये जळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. बाहेर पाहणाऱ्याला वाटतं हेड गॅसकेट गेलं. ऑइलची पातळी उतरते आहे, चारही चाकं कोरडी आहेत, नळ्या कोरड्या आहेत, तर मास्टरचे दोन नट सोडून तो जरासा पुढे ओढा आणि मागच्या कडेवर बोट फिरवा. बऱ्याच गाड्यांत यासाठी नळ्या सोडाव्या लागत नाहीत. बोट ओलं झालं तर प्रश्न सुटला, फक्त आता काम दोघांचंही आहे. अशा वेळी नुसता बूस्टर बदलून गळका मास्टर परत लावला की नवा बूस्टरही त्याच वाटेने जातो.

काही गाड्यांत हा सगळा हिशेबच बदलतो. १९६०च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत आणि व्होल्व्हो पी१८०० सारख्या गाड्यांत बूस्टर पेडलजवळ नसतो. गर्लिंग किंवा लॉकहीडचा ‘रिमोट सर्व्हो’, म्हणजे पेडलपासून दूर ठेवलेला बूस्टर, इंजिनच्या बाजूला कुठेतरी बसवलेला असतो आणि मास्टरपासून त्याला ऑइलची नळी जाते. त्याच्या एका टोकाला स्वतःचा छोटा ऑइल सिलिंडर असतो. म्हणजे बूस्टरमध्ये ऑइल नसतं हे वर सांगितलं, ते इथे लागू नाही. या सर्व्होचे सील गेले तर पेडल खचणं, ऑइल नाहीसं होणं, पांढरा धूर ही सगळी ‘मास्टरची’ लक्षणं बूस्टरच दाखवतो. दोष कुणाचा हे ठरवायला सर्व्होत येणारी आणि त्यातून जाणारी ऑइलची नळी एकमेकींना जोडून, हवा काढून, इंजिन बंद ठेवून पेडल दाबून पाहायचं. खचणं थांबलं तर सर्व्हो, थांबलं नाही तर मास्टर. ही जोडणी फक्त चाचणीपुरती. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही.

ब्रेक न सुटण्याच्या तक्रारीतही दोघांची नावं एकत्र घेतली जातात. इंजिन चालू असतानाच ब्रेक धरत असेल आणि बूस्टरची व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केल्यावर सुटत असेल, तर बूस्टरचा व्हॉल्व्ह अडकलाय. इंजिन बंद असतानाही चाकं धरलेली असतील तर मास्टरचे नट थोडे सैल करा. ब्रेक सुटला तर बूस्टरचा पुशरॉड (मास्टरच्या दट्ट्याला ढकलणारी दांडी) लांब आहे, दट्ट्या पूर्ण मागे येऊ देत नाही आणि ऑइल परत टाकीत जाण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं. तरी सुटला नाही, तर मास्टरपाशी नळीचा नट सैल करा. आता सुटला तर ते भोक मास्टरमध्येच बंद झालंय, बहुधा कप फुगून. ब्रेक ऑइलच्या जागी कुणी इंजिन ऑइल किंवा दुसरं खनिज तेल घातलं की कप असे फुगतात, आणि मग सगळ्या गाडीतलं रबर बदलावं लागतं. तिथेही सुटला नाही तर चाकाजवळची लवचिक नळी आतून मिटली आहे.

दुरुस्तीत दोघांचा स्वभाव वेगळा. मास्टर उघडणं सोपं. अवघड आहे ते आतली भिंत पारखणं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि बिडाच्या सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडतात. खड्ड्यांवर नवीन कप-सीलचं किट घालणं म्हणजे थोडे महिने उसने घेणं. हलका ओरखडा होनिंगने (आतली भिंत बारीक घासून) जातो, खोल खड्डे असतील तर पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतली नळी) बसवून घ्यावी. ॲल्युमिनियमचा सिलिंडर असेल तर होन करू नये, वरचा कठीण थर निघून जातो.

बूस्टर उघडणं हेच मुळात अवघड. दोन पत्र्यांच्या वाट्या वळवून किंवा कडा दुमडून जोडलेल्या असतात आणि आत दाबलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर हात मोडू शकते. योग्य प्रेस किंवा फिक्स्चर नसेल तर हे काम जाणकाराकडेच द्यावं. उघडताना दोन्ही वाट्यांवर खूण करावी, डायफ्राम, व्हॉल्व्ह, सील आणि हवेचा फिल्टर सगळे बदलावेत, रबराला खनिज ग्रीस नाही तर सिलिकॉन ग्रीस लावावं. आणि पुढचा पुशरॉड ओढून काढताना त्यामागची रबरी चकती खाली पडते, तिच्यावर नजर ठेवावी. पायाला ब्रेकची जाणीव तीच देते; ती राहून गेली तर बूस्टर दुरुस्त होतो, पण पेडलला पाय लागताच गाडी डोकं आपटल्यासारखी थांबते.

जोडणी झाल्यावर पुशरॉडची लांबी मोजल्याशिवाय नट आवळू नका. रॉडच्या टोकाला मुलांच्या खेळातल्या क्लेची गोळी लावा, मास्टर बसवा, परत काढा. दबलेल्या क्लेची जाडी म्हणजे मधली फट. मॅन्युअलमधल्या मापाशी ती जुळवा. फट जास्त तर पेडल रिकामं जातं, फट नाही तर ब्रेक धरतो. मग हवा काढा, चाकं उचलून हाताने फिरवून पाहा, गाडी रहदारी नसलेल्या जागी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक मारत चालवा आणि सगळं गरम असतानाच चाकं पुन्हा फिरवा. थंड असताना मोकळं फिरणारं चाक आता धरत असेल, तर फट पुन्हा मोजा.