लाइटनेस आणि ल्युमिनन्स: ५०% पिवळा आणि ५०% निळा सारखे का नसतात

वेबसाइटची रंगसंगती ठरवताना बरेच जण सोपी वाट धरतात. एचएसएल म्हणजे ह्यू (रंगचक्रावरची जागा), सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) आणि लाइटनेस (उजळपणा) या तीन आकड्यांनी रंग सांगण्याची पद्धत. तिच्यात सॅच्युरेशन आणि लाइटनेस तसाच ठेवायचा आणि फक्त ह्यू फिरवत जायचा. माहितीच्या बटणाला निळा, इशाऱ्याच्या बटणाला पिवळा. बाकीचे आकडे सारखे आहेत, म्हणजे दोन्ही रंग एकाच वजनाचे असणार, असा हिशेब असतो. मग दोन्ही बटणांवर पांढरी अक्षरं टाकली की निळ्यावरची स्वच्छ वाचता येतात आणि पिवळ्यावरची जवळजवळ गायब होतात.

याचं कारण म्हणजे लाइटनेस हा आकडा आपण ल्युमिनन्स समजून वापरतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; ल्युमिनन्स म्हणजे त्या रंगातून डोळ्याला किती उजेड जाणवतो त्याचं माप.

एचएसएलमधला लाइटनेस हे निव्वळ गणित आहे. लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांपैकी सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा घ्यायचा आणि त्यांची सरासरी काढायची. शुद्ध पिवळ्यात लाल आणि हिरवा पूर्ण, निळा शून्य, म्हणून सरासरी ५०%. शुद्ध निळ्यात निळा पूर्ण, बाकी दोन्ही शून्य. पुन्हा ५०%. मोठा घटक कोणता, याची दखल हे सूत्र घेतच नाही.

ल्युमिनन्स काढताना मात्र नेमकी तीच दखल घेतली जाते, कारण आपला डोळा तिन्ही घटकांना सारखं मानत नाही. स्क्रीनवरचे आकडे आधी प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात बदलून घेतात आणि मग प्रत्येकाला भार लावतात: हिरव्याला ०.७१५२, लालला ०.२१२६ आणि निळ्याला फक्त ०.०७२२. या हिशेबाने शुद्ध पिवळ्याचा ल्युमिनन्स येतो सुमारे ०.९३ आणि निळ्याचा ०.०७. लाइटनेस तोच असूनही जवळपास तेरापट फरक!

वाचनीयता ठरते ती या दुसऱ्या आकड्यावर. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या मार्गदर्शक नियमांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ काँट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर) लागतो, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. शुद्ध निळ्यावर पांढरी अक्षरं ८.५९:१ देतात. शुद्ध पिवळ्यावर तीच अक्षरं देतात १.०७:१, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं लिहिल्यासारखंच. पिवळा गडद करून पाहिलात तर लाइटनेस २४ टक्क्यांपर्यंत उतरवावा लागतो, तेव्हा कुठे ४.५ची रेषा ओलांडली जाते. पण तोवर तो रंग पिवळा राहिलेलाच नसतो, शेवाळी झालेला असतो. त्यापेक्षा पिवळा आहे तसा ठेवा आणि अक्षरं काळी करा. काँट्रास्ट थेट १९.५६:१ होतो. पिवळ्याशी झगडण्यात मला तरी कधीच अर्थ वाटत नाही.

रंगचक्राबद्दलही हाच गैरसमज असतो. चक्रावर दोन रंग लांब आहेत म्हणजे ते एकमेकांवर उठून दिसतील, असं गृहीत धरलं जातं. सीएसएस या वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या भाषेतला ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ घ्या. ह्यूमध्ये १२० अंशांचं अंतर, पण काँट्रास्ट अवघा १.२८:१. हिरव्या पट्टीवर लाल मजकूर टाकलात तर चांगली नजर असलेल्यालाही त्रास होतो. लाल-हिरवा भेद नीट न दिसणाऱ्या वाचकाची अडचण तर आणखी मोठी, कारण ह्यूचा आधार त्याला मिळत नाही आणि उजेडातला फरक तुम्ही ठेवलेलाच नाही.

तपासणीसाठी रंगसंगती करड्या छटांमध्ये पाहावी, हा सल्ला चांगला आहे. पण ती कशी करडी करता, यावर सगळं अवलंबून आहे. एचएसएलमध्ये सॅच्युरेशन शून्यावर आणलंत तर पिवळा आणि निळा दोन्ही अगदी एकसारखे मध्यम करडे होतात, कारण उरतो तो फक्त लाइटनेस आणि तो दोघांचा ५०%. म्हणजे ज्या आकड्याने फसवलं, त्यालाच साक्षीला बोलावल्यासारखं झालं. त्याऐवजी सीएसएसचा ग्रेस्केल फिल्टर पूर्ण लावा. त्यात वर सांगितलेलेच भार वापरले जातात, त्यामुळे पिवळा जवळपास पांढरा दिसतो आणि निळा जवळपास काळा. हा अंदाज झाला; नेमका आकडा काँट्रास्ट मोजणाऱ्या साधनातूनच घ्या.

एकसारख्या वजनाची पॅलेट हवीच असेल तर ओकेएलसीएच हे रंग सांगण्याचं वेगळं मोजमाप वापरून पाहा. ते २०२० मध्ये आलेल्या ओकेलॅब या रंगमापन पद्धतीवर आधारलेलं आहे आणि २०२३ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये चालतं. त्यातला लाइटनेस डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणाच्या बराच जवळ जातो: शुद्ध पिवळा ०.९७ च्या आसपास, शुद्ध निळा ०.४५. तिथे लाइटनेस कायम ठेवून ह्यू फिरवलात तर बटणं खरोखर एका रांगेतली वाटतात. मात्र सॅच्युरेशनच्या जागी तिथे क्रोमा (रंग किती गडद-भडक आहे याचा आकडा) असतो आणि प्रत्येक ह्यूला तो सारखा झेपत नाही. गडद पातळीवर निळा भरपूर क्रोमा पेलतो, पिवळा लवकर थकतो. म्हणून क्रोमा प्रत्येक रंगाला वेगळा द्यावा लागतो. आणि डब्ल्यूसीएजीचं गुणोत्तर अजूनही ल्युमिनन्सवरूनच निघत असल्यामुळे अक्षरांचा काँट्रास्ट इथेही वेगळा मोजावाच लागतो.