टाचदुखी आणि बिचारं वाढलेलं हाड

एक्स-रे उजेडात धरला, टाचेच्या हाडाला पुढे आलेलं टोक दिसलं, की निकाल लागतो: 'हाड वाढलंय, तेच टोचतंय.' पण असं टोक टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांत सापडतं, आणि टाचेने बेजार झालेल्या अनेकांत नसतं. शिवाय ते सहसा जमिनीकडे नव्हे, बोटांच्या दिशेने वाढतं. मग टोचणार कशाला?

दुखणं बहुतेक वेळा प्लँटार फॅशिया या चिवट पट्ट्याचं असतं. टाचेच्या हाडाखाली, आतल्या बाजूला तो सुरू होतो आणि पाच फाटे होऊन बोटांच्या मुळाशी जातो. तो स्नायू नाही, स्वतः आकसत नाही. तरी पावलाची कमान तोलायला त्याचाच मोठा आधार. कसा, ते १९५४ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद जे. एच. हिक्स यांनी मांडलं.

आत्ताच करून बघा. दोन्ही पायांवर नीट उभे राहा आणि कुणाला तरी तुमचा पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. कमान आपोआप उंचावेल, नडगीही जराशी बाहेर वळेल. पट्टा चवड्याच्या हाडांच्या गोल टोकांखालून बोटांत शिरतो. बोटं वर वाकली की रहाटावर दोर चढावा तसा तो त्या गोलाईवर चढतो. तो फारसा लांबत नाही, त्यामुळे चवडा टाचेकडे ओढला जातो आणि कमान उठते. चालताना मागची टाच उचलली की दर पावलाला हेच घडतं: क्षणापूर्वी सैल असलेलं पाऊल कडक तरफ होतं. ओढ मात्र टाचेकडच्या मुळावर येते. रात्रभर पावलं खाली कललेली असल्याने पट्टा आखडून राहतो. म्हणून सकाळचं पहिलंच पाऊल जीव घेतं.

शस्त्रक्रियेत काढलेले या पट्ट्याचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांत सूज कमी आणि तंतूंची झीज जास्त दिसली. सूज उतरवणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा धोका असतो.

झिजलेल्या तंतूंना हळूहळू वाढवलेला भार मानवतो. जिन्याच्या पायरीवर चवडा टेकवा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि एका पायावर टाच सावकाश उचला, सावकाश उतरवा. एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत तीन महिन्यांनी या व्यायामाचा गट नुसत्या ताणाच्या व्यायामाच्या गटापेक्षा सरस ठरला. वर्षअखेर फरक उरला नाही. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेविना बरी होते, फक्त महिने लागतात. तोवर मऊ तळाची चप्पल, घरातल्या फरशीवरही.

तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकल्याने बरं वाटेल, हाड विरघळणार नाही. मधुमेहाने पाय बधिर असतील तर भाजेल तेवढं. बुटात घालायच्या चुंबकवाल्या तळव्यांची तर २००३ मध्ये रीतसर परीक्षा झाली: खोट्या चुंबकाच्या तळव्यांनीही तितकाच आराम पडला.

टाच बधिर झाली, मुंग्या आल्या, किंवा पाय टेकला नसतानाही ठणकत राहिली तर डॉक्टर गाठा. तरुणपणीच दोन्ही टाचा दुखत असतील आणि पहाटे कंबरही आखडत असेल, तर पट्ट्याच्या मुळाशी संधिवाताचा एखादा प्रकार असू शकतो, आणि त्यावर टॉवेलची गुंडाळी पुरणार नाही.