आरईयू: अमेरिकेत पदवी करताना सागरी संशोधनाचा उन्हाळा, अर्ज कुणी आणि कसा करायचा

पदवी पूर्ण व्हायच्या आतच उन्हाळाभर खऱ्या प्रयोगशाळेत काम, वर मानधन. अमेरिकेत ही सोय नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या, म्हणजे एनएसएफच्या पैशावर चालते. नाव 'रिसर्च एक्स्पीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स', बोलताना आरईयू. एका साइटवर (म्हणजे कार्यक्रम चालवणाऱ्या विद्यापीठात किंवा प्रयोगशाळेत) साधारण दहा विद्यार्थी, बहुतेक ठिकाणी दहा आठवडे. राहण्याची व्यवस्था आणि प्रवासखर्चाला हातभार सहसा वेगळा मिळतो.

आधी पात्रता, कारण आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचं घोडं तिथेच अडतं. अर्जदार अमेरिकेचा नागरिक, नॅशनल (अमेरिकन सामोआसारख्या भागातला) किंवा ग्रीन कार्डधारक हवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकायला गेलेले यात बसत नाहीत. आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-४ वर लहानपणापासून न्यू जर्सीत वाढलेली मुलंही नाहीत. घरच्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत आहे, एवढ्याने भागत नाही. (हा नियम मला कठोर वाटतो, पण त्याला पळवाट नाही.) काही संस्था स्वतःच्या निधीतून वेगळ्या उन्हाळी जागा देतात. तिथे अट सैल असू शकते, म्हणून व्हिसावाल्यांनी तीच पानं आधी वाचावीत.

दुसरी अट पदवी सुरू असण्याची. मे महिन्यात पदवी हातात पडणार असेल, तर सहसा अर्ज बाद होतो. विषय सागरी जीवशास्त्रच हवा असं नाही. रसायन, गणित, संगणकवाल्यांनाही घेतात. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांनी तर बिचकूच नये.

अर्ज थेट एनएसएफकडे जात नाही, ज्या त्या साइटकडे करावा लागतो. बऱ्याच साइट 'ईटॅप' हे एनएसएफचं सामाईक पोर्टल वापरतात. मुदती बहुधा जानेवारी ते मार्चदरम्यान संपतात. साइटचा निधी ठरावीक वर्षांपुरता असतो, त्यामुळे गेल्या वर्षीची साइट यंदा आहे का, ते आधी पाहावं.

कागद फार नाहीत: गुणपत्रक (अनेकदा अनधिकृत प्रत चालते), रेझ्युमे, निवेदन (हे संशोधन तुम्हाला का करायचंय, ते सांगणारं टिपण) आणि बहुधा दोन शिफारसपत्रं. पत्रं प्राध्यापक परस्पर पाठवतात; पोर्टलची लिंक त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडते आणि आपण निर्धास्त बसतो. महिनाभर आधी विचारा, मुदतीच्या आठवड्यात आठवण करा. मोठ्या नावापेक्षा तुमचं प्रॅक्टिकल पाहिलेल्या शिक्षकाचं पत्र बरं.

खरी मेहनत निवेदनावर घ्यायची. 'मला लहानपणापासून समुद्र आवडतो' असं ढीगभर अर्जांत असतं. समजा, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराच्या काठच्या साइटला अर्ज करताय. शेतांतून वाहून आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे शेवाळ माजतं, ते कुजताना उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. त्याच उपसागराकाठी मेरीलँड राज्यातल्या केंब्रिज गावाजवळ हॉर्न पॉइंट प्रयोगशाळा आहे, तिथे ऑयस्टरची (कालवांची) पिल्लं वाढवतात. कमी ऑक्सिजनमध्ये ती किती तगतात, हा प्रश्न तुम्हाला का पडला आणि तो सोडवायला तुम्हाला काय येतं, हे दोन परिच्छेदांत लिहा. मार्गदर्शकांची यादी साइटच्या संकेतस्थळावर असते. त्यांतल्या दोघातिघांचं काम वाचून नावानिशी पसंती कळवा. आर किंवा पायथन या संगणकभाषा येत असतील, तर तसं लिहायला लाजू नका.

भारतात शिकणाऱ्यांसाठी आरईयू नाही. त्यांच्यासाठी बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी घेतात. तिथे कॉलेजचं शिफारसपत्र आधी तयार ठेवा.