इंग्लंडमध्ये कौन्सिलचं घर आणि बेघर-मदत: तक्रार कुठे करायची, निर्णय कसा होतो

कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) घरात भिंतीला बुरशी आली आणि दुरुस्तीला कोणी येत नाही, ही एक तक्रार. 'तुम्ही बेघर ठरत नाही' असं पत्र कौन्सिलने हातात दिलं, ही दुसरी. मुलाबाळांसह महिनोन्‌महिने बी अँड बीच्या (लॉजसारख्या जागेच्या) खोलीत ठेवलं, ही तिसरी. तिन्ही एकाच कौन्सिलविरुद्ध असल्या तरी निवाडा करणारे वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. चुकीच्या टेबलावर कागद गेला, तर योग्य टेबलाची मुदत दरम्यान उलटून जाते. खालची माहिती फक्त इंग्लंडची आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये स्वतंत्र कायदे आणि स्वतंत्र ऑम्बुड्समन (तक्रारींची तटस्थपणे चौकशी करणारे अधिकारी) आहेत.

आधी बेघर-मदतीच्या निर्णयाबद्दल, कारण सगळ्यात कडक मुदत तिथेच आहे. मदत 'हाउसिंग ॲक्ट १९९६'च्या भाग ७ खाली मिळते. अर्जदार पात्र आहे का, खरोखर बेघर आहे का, त्याला प्राधान्याची गरज आहे का (मुलं, गरोदरपण, घरगुती हिंसा, आजारपणामुळे आलेली असहायता वगैरे), बेघरपण त्याने मुद्दाम ओढवून घेतलं का, हे कौन्सिल तपासते आणि कलम १८४ प्रमाणे कारणांसह लेखी निर्णय देते. तो पटला नाही, तर साधी तक्रार करू नका. कलम २०२ खाली पुनर्विचार मागा, आणि तोही निर्णय कळल्यापासून २१ दिवसांत. 'मला कलम २०२ चा पुनर्विचार हवा' एवढं एक वाक्य ईमेलने पाठवलं तरी चालतं. सविस्तर मुद्दे नंतर देता येतात. मुदत उलटल्यावर अर्ज घ्यायचा की नाही, हे कौन्सिलच्या मर्जीवर असतं.

बऱ्याच पुनर्विचारांचा निकाल ८ आठवड्यांत अपेक्षित असतो. मूळ निर्णय अधिकाऱ्याने घेतला असेल, तर पुनर्विचार त्या प्रकरणात नसलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने करावा लागतो. निकालही विरोधात गेला, तर कायद्याच्या मुद्द्यावर काउंटी कोर्टात अपील करता येतं आणि त्यालाही २१ दिवसच. इथे वकील लागतो. लीगल एडसाठी (सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाच्या मदतीसाठी) पात्र आहात का, ते पहिल्याच आठवड्यात विचारा.

घर देऊ केलं पण ते योग्य वाटत नाही, अशा वेळी लोक रागाने नकार कळवतात. शेवटची ऑफर नाकारली तर कौन्सिलची जबाबदारीच संपू शकते. घर स्वीकारा आणि त्याच वेळी योग्यतेचा पुनर्विचार मागा; कायदा दोन्ही एकत्र करू देतो.

मग बेघर-विभागाची तक्रार लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे कधी जाते? जिथे पुनर्विचार किंवा कोर्टाचा मार्ग नाही, तिथे. अर्जच घेतला नाही, निर्णयाचं पत्र दिलं नाही, फोन-ईमेलला उत्तर नाही, सामान जपून ठेवलं नाही, तात्पुरती राहण्याची सोय आठवडे लांबवली. मुलं असलेलं किंवा गरोदर स्त्री असलेलं कुटुंब बी अँड बीमध्ये जास्तीत जास्त ६ आठवडे ठेवता येतं, तेही दुसरी सोय नसेल तरच. त्यापुढचा प्रत्येक आठवडा सहसा कौन्सिलची चूक धरला जातो. अयोग्य जागेत काढलेल्या काळासाठी हा ऑम्बुड्समन सर्वसाधारणपणे महिन्याला १५० ते ३५० पौंड सुचवतो. मुलांचं वय, आजार, स्वयंपाकघर आहे की नाही, यावर आकडा ठरतो. हाउसिंग रजिस्टरवरचा (कौन्सिलच्या घरासाठीच्या यादीतला) बँड, म्हणजे प्राधान्याची पायरी, किंवा प्रतीक्षायादीतली चूक हीसुद्धा इथलीच तक्रार.

कौन्सिल घरमालक म्हणून चुकली असेल, म्हणजे दुरुस्ती, ओल, शेजाऱ्यांचा त्रास हाताळण्यातली दिरंगाई, तर हाउसिंग ऑम्बुड्समन. आधी कौन्सिलकडेच दोन टप्पे पूर्ण करावे लागतात. पहिल्या टप्प्यात ५ कामाच्या दिवसांत पोच आणि पोचेनंतर १० कामाच्या दिवसांत उत्तर. दुसऱ्यात पुन्हा ५ कामाच्या दिवसांत पोच आणि नंतर २० कामाच्या दिवसांत उत्तर. हे नियम १ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंधनकारक आहेत. दोन्ही टप्प्यांत मुदत वाढवून मागण्याची सोय कौन्सिलला आहे, पण कारण सांगून. शिवाय २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या 'अवाब्स लॉ'मुळे आरोग्याला किंवा सुरक्षेला तातडीचा धोका असलेल्या अडचणीवर २४ तासांत कारवाई आणि गंभीर ओल-बुरशीची १० कामाच्या दिवसांत तपासणी करणं भाग आहे. तक्रारीत या तारखा मांडल्या की अधिकाऱ्यांना टाळाटाळ अवघड जाते.

इथे एक खोच आहे. फोनवर 'नळ गळतोय' म्हटलं की ती 'सर्व्हिस रिक्वेस्ट' म्हणून नोंदली जाते आणि तक्रारीचं घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून लेखी लिहा: 'ही औपचारिक तक्रार आहे, स्टेज वन.' कौन्सिलरला किंवा खासदाराला लिहिलेलं पत्र उपयोगी पडतं, पण त्याने हे टप्पे भागत नाहीत. घटनेपासून १२ महिन्यांत कौन्सिलकडे आणि अंतिम उत्तरापासून १२ महिन्यांत हाउसिंग ऑम्बुड्समनकडे जावं लागतं. लोकल गव्हर्नमेंट ऑम्बुड्समनकडे प्रश्न तुमच्या लक्षात आल्यापासून १२ महिने. दोन्हीकडे फी नाही.

निर्णय कागदांवर होतो. बहुधा सुनावणी नसते. 'तुमची बाजू खरी का' यापेक्षा कौन्सिलने नियम, स्वतःचं धोरण आणि दिलेला शब्द पाळला का, हे तपासलं जातं. तपासणारा दुरुस्तीच्या नोंदी, कॉल लॉग आणि पत्रं मागवतो. नोंदच नसेल तर ते कौन्सिलच्याच विरुद्ध जातं. पण तुमच्याकडेही काही नसेल, तर हातात उरतं ते फक्त 'तुम्ही म्हणता, ते नाकारतात'. म्हणून जोडा: दोन्ही टप्प्यांची उत्तरं, टेनन्सी क्रमांक, दुरुस्तीचे रेफरन्स क्रमांक, तारखेचे फोटो, डॉक्टरचं पत्र, वाढीव खर्चाच्या पावत्या आणि एका पानावर तारीखवार घटना. कौन्सिलच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते पाहण्यासाठी सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट पाठवा. ती मोफत असते आणि सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. ऑम्बुड्समनकडे नवा मुद्दा काढला, तर तो आधी कौन्सिलकडे मांडा म्हणून परत येतो.

हाउसिंग ऑम्बुड्समन 'गंभीर गैरप्रशासन' ते 'गैरप्रशासन नाही' अशा श्रेणी लावतो. कौन्सिलने आधीच पुरेशी भरपाई देऊ केली असेल, तर तसं नमूद करून प्रकरण तिथेच थांबतं. म्हणून दुसऱ्या टप्प्यातली ऑफर घाईत नाकारू नका. लोकल गव्हर्नमेंट ऑम्बुड्समन मसुदा निर्णय दोन्ही बाजूंना पाठवतो. मसुद्यातल्या तथ्याच्या चुका तेव्हाच, पुराव्यासह सांगा.

इथल्या मराठी कुटुंबांसाठी एक महत्त्वाची अट. स्टुडंट किंवा स्किल्ड वर्कर व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही अशी अट) लागू असेल, तर कौन्सिलचं घर किंवा बेघर-निवारा मिळत नाही आणि तो नियम कोणताही ऑम्बुड्समन बदलू शकत नाही. मात्र बेघर होऊ घातलेल्या कोणालाही सल्ला मोफत देणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. मूल घरात असेल, तर मुलांच्या सोशल केअर विभागाकडे 'चिल्ड्रन ॲक्ट १९८९' कलम १७ खाली मदत मागता येते. तिथे दुर्लक्ष झालं, तर तीही तक्रार लोकल गव्हर्नमेंट ऑम्बुड्समनकडे नेता येते.

निर्णयात सांगितलेली दुरुस्ती किंवा रक्कम ठरल्या तारखेपर्यंत मिळाली नाही, तर नव्याने तक्रार न करता त्याच प्रकरणाचा क्रमांक घालून निर्णय देणाऱ्या ऑम्बुड्समन कार्यालयाला लगेच कळवा.