टीएसएच जागेवर आला, मग साखर का हलली?

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला थायरॉइड कमी असल्याचं निदान होतं आणि थायरॉक्सिनची गोळी सुरू होते. थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक म्हणजे टीएसएच; थायरॉइड कमी पडला की तो वाढतो. दोन-तीन महिन्यांत तो १८ वरून ३ वर येतो. घरात हायसं वाटतं, पण त्याच सुमारास ग्लुकोमीटरवर सकाळची साखर चढी दिसू लागते. संशय नव्या गोळीवर जातो. तो अगदीच खोटा नाही. मात्र गोळीने साखर बिघडवलेली नसते, तर आधीची साखर ज्या मंद कारभारामुळे आटोक्यात दिसत होती तो कारभार पुन्हा वेगाने सुरू झालेला असतो.

थायरॉइड ग्रंथी रोज साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी४ हे संप्रेरक, म्हणजेच थायरॉक्सिन, बनवते. टी४ हा साठ्याचा माल. पेशीत खरं काम करतं ते टी३, आणि शरीरातलं जवळजवळ ८० टक्के टी३ ग्रंथीबाहेर, यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी४मधला आयोडीनचा एक अणू काढून तयार होतं. हे टी३ पेशींच्या कामाचा वेग ठरवतं. यकृताने किती साखर रक्तात सोडायची आणि इन्सुलिन किती लवकर मोडीत काढायचं, हेही त्यातच आलं.

थायरॉइड कमी असताना यकृत साखर कमी सोडतं आणि टोचलेलं इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. म्हणून अशा रुग्णाला अधूनमधून घाम सुटतो, हात थरथरतात, साखर ७०च्या खाली जाते, आणि इन्सुलिनचे युनिट कमी करावे लागतात. गोळी लागू पडली की तेच युनिट अपुरे पडतात. थायरॉइड जास्त असताना नेमकं उलटं घडतं. जठर लवकर रिकामं होतं, आतडं साखर भराभर शोषतं आणि जेवणानंतरच्या पहिल्या तासात आकडा उसळतो. त्यावर इन्सुलिन वाढवलं जातं. पुढे कार्बिमाझोलने थायरॉइड आवरला आणि युनिट मात्र तेवढेच ठेवले, तर मध्यरात्री साखर घसरण्याचा धोका असतो.

यात एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, आणखी गोंधळ घालतो. ही चाचणी लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. थायरॉइड कमी असला की नव्या लाल पेशी कमी बनतात, जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि साखर तेवढीच असूनही एचबीए१सी थोडा जास्त येऊ शकतो. उपचारानंतर ताज्या पेशी आल्या की तो खाली येतो. म्हणजे इन्सुलिनची गरज वाढत असतानाच एचबीए१सी मात्र सुधारलेला दिसू शकतो! थायरॉइडचा डोस बदलल्यावरचे काही महिने ग्लुकोमीटरच्या वहीवर जास्त भरवसा ठेवावा.

वजनाचं खापर थायरॉइडवर जरा जास्तच फोडलं जातं. थायरॉइड कमी झाल्यामुळे वाढणारं वजन बहुधा २ ते ५ किलो असतं आणि त्यात मीठ-पाण्याचाच वाटा मोठा असतो. सकाळी सुजलेला दिसणारा चेहरा त्यातलाच. १५ किलो वाढलं असेल तर बाकीच्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. कडक उपास केला की चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, तो निरोप मेंदूपर्यंत पोचतो आणि टी३ उतरतं. ही शरीराची काटकसर आहे, थायरॉइडचा आजार नव्हे. त्यासाठी गोळी लागत नाही.

कोलेस्टेरॉलचं गणित सोपं आहे. टी३ कमी असलं की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तातून उचलणारे यकृतावरचे रिसेप्टर घटतात आणि एलडीएल रक्तात साचतं. म्हणून स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध सुरू करण्याआधी टीएसएच पाहून घ्यावा. थायरॉइड कमी असताना स्टॅटिन घेतलं तर स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते.

खरी सावधगिरी कॉर्टिसॉल या रक्तदाब सांभाळणाऱ्या संप्रेरकाबाबत बाळगायला हवी. थायरॉक्सिनमुळे कॉर्टिसॉल लवकर मोडतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांवर बसलेल्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या) धड असतील तर त्या जास्त बनवून भरपाई करतात. त्या आधीच थकलेल्या असतील तर थायरॉक्सिन सुरू केल्यावर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. कातडी आणि हिरड्या काळवंडणं, सतत मीठ खावंसं वाटणं, उठल्यावर चक्कर, वजन वाढण्याऐवजी घटणं, ही लक्षणं थायरॉइडच्या रुग्णात दिसली तर आधी सकाळचं कॉर्टिसॉल तपासतात. कमी निघालं तर पहिल्यांदा हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल, थायरॉक्सिन त्यानंतर.

डोसचा अंदाज असा: ग्रंथी जवळजवळ बंद असेल तर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९६, व्यवहारात १००ची गोळी. वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर १२.५ किंवा २५ पासून हळूहळू. गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्धा ते एक तासाने. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांत ४ तासांचं अंतर ठेवायचं, कारण आतड्यात त्या थायरॉक्सिनला धरून ठेवतात. टी४चं अर्धायुष्य सुमारे ७ दिवस असल्याने नवा डोस रक्तात स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत केलेला टीएसएच पैसे वाया घालवतो.

रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्यावं. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर डॉक्टरांना सांगून ते निदान दोन दिवस आधी थांबवावं. अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीत बायोटिन लुडबुड करतं, टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दाखवतं, आणि मग बरोबर चाललेला डोस उगाच कमी केला जातो.