पाचातले चार: भाड्याच्या घरांच्या ताऱ्यांची पार्श्वभूमी

इंदूरच्या विजयनगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट. पुण्याहून आलेलं पाच जणांचं कुटुंब तीन रात्री मुक्कामाला राहतं. एका पहाटे उज्जैनला जाऊन महाकालाची भस्मारती, एक दिवस ओंकारेश्वर, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस. परतल्यावर मोबाइलवर विचारणा येते तेव्हा ते चार तारे देतात आणि खाली लिहितात, ‘घर स्वच्छ, मालक चांगले, पुन्हा येऊ.’ त्यांच्या लेखी हे मनापासूनचं कौतुक असतं. ज्या साइटवरून घर घेतलं, तिच्या हिशेबात मात्र हा उणा शेरा ठरतो. या चार ताऱ्यांनी घराची सरासरी खाली ओढली जाते आणि ती साइटच्या ४.८ च्या अटीपर्यंत भरून काढायला मालकाला पुढचे चार पाहुणे पैकीच्या पैकी देणारे लागतात.

आपल्याकडे गुणांचा हिशेब शाळेतच पक्का होतो. साठला पहिला वर्ग, पंचाहत्तरला विशेष प्रावीण्य. पाचातले चार म्हणजे ऐंशी टक्के. पैकीच्या पैकी गणितात मिळतात, निबंधात नाही, आणि राहत्या घराचा अनुभव तर निबंधाच्याच जातीचा. त्यामुळे पाचवा तारा हातचा राखून ठेवणं हा पाहुण्याचा कद्रूपणा नसतो. मोजपट्टीवरचं ‘चांगलं’ कुठे आहे याची त्याची समजूत वेगळी आहे, आणि ती समजूत बदलायला हवी असं त्याला कोणी सांगितलेलं नाही.

मुक्कामाच्या जागेची प्रतवारी ही अलीकडची गोष्ट. अहिल्याबाईंनी देशभर तीर्थांच्या ठिकाणी बांधलेल्या धर्मशाळांचा लौकिक तोंडोतोंडी पसरला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या प्रवासपुस्तकांत तारा आला, तोही आधी प्रेक्षणीय स्थळापुढे, ‘हे चुकवू नका’ अशा अर्थाने. हॉटेलांची एकापासून पाच ताऱ्यांपर्यंतची प्रतवारी आली, ती विसाव्या शतकात.

भारतातला सरकारी तारा मत सांगत नाही, तपासणीचा निकाल सांगतो. हॉटेलने स्वतःहून अर्ज करायचा, किमान दहा खोल्या असाव्या लागतात, समिती येऊन यादीप्रमाणे पाहणी करते: खोलीचं आणि न्हाणीघराचं क्षेत्रफळ, आग विझवण्याची सोय, स्वयंपाकघर, अपंगांसाठीची व्यवस्था, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. मिळालेला दर्जा पाच वर्षं चालतो. घरगुती मुक्कामाला या व्यवस्थेत तारा नाहीच. केंद्राच्या योजनेत त्याला रौप्य आणि सुवर्ण अशा दोन श्रेणी आहेत, एक ते सहा खोल्या आणि जास्तीत जास्त बारा खाटा ही मर्यादा आहे, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असणं ही अट आहे. या शेवटच्या अटीतच विजयनगरचा फ्लॅट गळतो. मालक स्नेहनगरात राहतो, किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या पेटीत असते. म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक फ्लॅटना सरकारी तारा नसतो, असूच शकत नाही. त्यांच्या नावापुढे जे चमकतं ते दुसरंच काहीतरी असतं.

(ताऱ्यांचा गोंधळ करातही झाला होता. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कर हॉटेलच्या ताऱ्यांवर की खोलीच्या भाड्यावर, हे काही दिवस कोणालाच कळेना. त्याच जुलैत खुलासा झाला की तारे कितीही असोत, कर भाड्यावर. आज ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८.)

इंदूरकराच्या कानात ‘तारा’ आणखी एका वाटेने बसला आहे. कचरामुक्त शहरांना तारे देण्याची पद्धत २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये इंदूर देशातलं पहिलं सात तारांकित शहर ठरलं. दारोदारचं संकलन, उगमापाशीच वर्गीकरण, प्रक्रिया, असे निकष होते आणि जागेवर येऊन पडताळणी होती. तारा म्हणजे कोणीतरी यादी घेऊन तपासून गेलं, हीच समजूत इथे घराघरांत रुजली. तीच समजूत मनात ठेवून माणूस प्रवासाची साइट उघडतो आणि तिथे फसतो.

एका मोठ्या बुकिंग साइटवर घराच्या नावाशेजारी तीन वेगवेगळी चिन्हं येऊ शकतात. पिवळा तारा असेल तर दर्जा बाहेरच्या संस्थेने दिलेला. पिवळा गोल असेल तर मालकाने स्वतःच स्वतःला दिलेला. पिवळा चौकोन असेल तर साइटनेच सोयी, फोटो, पाहुण्यांचे शेरे यांवरून काढलेला, आणि तो मुख्यतः सुट्टीच्या घरांसाठी. हातभर अंतरावरून मोबाइलच्या पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. चार पिवळे ठिपके पाहिले की ‘फोर स्टार आहे’ असं म्हणून लोक पैसे भरतात. त्याच्या शेजारी निळ्या चौकटीत ७.६ असा आकडा असतो, तो पाहुण्यांचा. दोन आकडे, दोन वेगळे प्रश्न. ‘घरात काय काय आहे?’ हा एक, ‘आलेल्यांना कसं वाटलं?’ हा दुसरा. लिफ्ट, वॉशिंग मशिन, पार्किंग असलेलं चार चौकोनांचं घर ७.६ वर असू शकतं आणि रामबागेतली एक खोली ९.४ वर.

आता मूळ मुद्द्याकडे, त्या चार ताऱ्यांकडे. २००८ मध्ये सुरू झालेल्या, घरं भाड्याने देणाऱ्या एका जागतिक साइटवर चांगल्या यजमानांना मानाचा बिल्ला मिळतो. त्याने घर शोधात ठळक दिसतं, म्हणून मालक त्यासाठी धडपडतात. २०१८ पर्यंत अट होती की मिळालेल्या शेऱ्यांपैकी किमान ८० टक्के पाच ताऱ्यांचे असावेत. त्या वर्षी अट बदलली: एकूण सरासरी किमान ४.८ हवी. वरकरणी हा दिलासा वाटतो, कारण जुन्या नियमात चार तारेही वायाच जात आणि नव्यात प्रत्येक तारा मोजला जातो.

पण आकडे मांडून पाहा. उरलेले सगळे शेरे अगदी चारचे धरले, तरी सरासरी ४.८ यायला पाच तारेवाले ८० टक्के लागतातच. शंभरात ऐंशी पाच आणि वीस चार: ४०० अधिक ८०, भागिले शंभर, ४.८. पाच तारेवाले एकोणऐंशी झाले की ४.७९. म्हणजे जुनी अट नव्या अटीच्या पोटात तशीच राहिली आणि वर आणखी एक भर पडली. पूर्वी एक तारा आणि चार तारे दोन्ही ‘पाच नाही’ एवढेच धरले जात. आता चार ताऱ्यांचा एक शेरा भरून काढायला चार पाच-तारे लागतात, तीनचा भरायला नऊ, दोनचा भरायला चौदा आणि एक ताऱ्याचा भरायला एकोणीस. वर्षाकाठी पंचवीस मुक्काम होणाऱ्या घराचं अख्खं वर्ष एका रागावलेल्या पाहुण्यामागे जाऊ शकतं. हिशेब मागच्या ३६५ दिवसांचा, वर्षातून चारदा, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या एक तारखेला. जोडीला किमान दहा मुक्काम, नव्वद टक्के चौकशांना चोवीस तासांत उत्तर आणि स्वतःहून रद्द केलेली बुकिंग एक टक्क्याच्या आत, या अटी आहेतच.

उंच उंबरठा ठेवण्याचा कंपनीला अधिकार आहे. पण ज्याच्या हातात तारे देणं आहे त्यालाच तो उंबरठा माहीत नसावा, हे चूक आहे. चार दाबणाऱ्या पाहुण्याला त्या क्षणी एवढं कळलं की ‘या साइटवर चार म्हणजे अपेक्षेहून कमी’, तर तो विचार करून दाबेल. ते न सांगितल्यामुळे मालकच दारामागे पाटी लावतात, ‘पाच तारे नसतील तर आधी आम्हाला सांगा.’ पाहुण्याला तो दबाव वाटतो, आणि तो दबाव असतोही. मग सगळीच घरं ४.७ ते ४.९ च्या पट्ट्यात दाटी करतात आणि वाचणाऱ्याला त्यांतला फरक कळेनासा होतो. जुन्या पडद्यावर सरासरी अर्ध्या ताऱ्यापर्यंत गोळाबेरीज करून दिसे. ४.३ आणि ४.७ दोघेही साडेचारच. आता दशांशाच्या दोन घरांपर्यंत आकडा दिसतो. बारकाई वाढली, अर्थ वाढला नाही.

एक सुधारणा मात्र खरोखर कामाची झाली. २०१४ पासून या साइटवर दोन्ही बाजूंचे शेरे एकमेकांना आधी दिसत नाहीत. दोघांनी लिहिले किंवा चौदा दिवस उलटले की मगच ते उघडतात. त्याआधी ‘तू मला वाईट लिहिलंस, मी तुला लिहितो’ या भीतीने खरं लिहिणं टळत असे.

दहापैकी गुण देणाऱ्या त्या मोठ्या बुकिंग साइटचा इतिहास उलट बाजूने तिरका. तिथे २०१९ पर्यंत हसरे-रडके चेहरे होते आणि सगळ्यात रडक्या चेहऱ्याचेही अडीच गुण पडत, त्यामुळे शून्याच्या आसपास कोणी पोहोचूच शकत नसे. आता एक ते दहा थेट विचारतात. आकड्यांशेजारचे शब्द मात्र अजून गोडच. सहाच्या वर ‘प्रसन्न’ अशा अर्थाचा शब्द, सातच्या वर ‘चांगलं’, आठच्या वर ‘खूप चांगलं’, आणि सहाच्या खाली विशेषणच गायब. विशेषण दिसलं नाही तर तोच इशारा समजावा.

तारा कुठे गळतो, हे विजयनगरच्या त्याच फ्लॅटमध्ये पाहू. सोयींच्या यादीत ‘गरम पाणी’ पुढे बरोबरची खूण आहे, आणि ती खोटी नाही. न्हाणीघरात १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर आहे. भस्मारती पहाटे चारला, उज्जैन ५५ किलोमीटर, म्हणजे रात्री एकच्या सुमारास निघायचं आणि त्याआधी पाचही जणांच्या अंघोळी. वीस अंशांचं पाणी साठ अंशांवर न्यायला हा गीझर वीस-एकवीस मिनिटं घेतो. त्यात गार मिसळून जेमतेम तीस लिटर कोमट पाणी होतं, म्हणजे दीड-दोन बादल्या. पाच जणांना नव्वद लिटर धरले तर टाकी तीनदा तापायला हवी: एक तास. हे कोणी सांगितलेलं नसतं. चौथा माणूस गार पाण्याने अंघोळ करतो आणि शेऱ्यात येतं, ‘गीझर चालत नाही.’ मालक माणूस पाठवून तपासून घेतो, गीझर चालू असतो. दोघेही खरं बोलत असतात. २५ लिटरचा गीझर, किंवा ‘अंघोळी साडेअकरापासून सुरू करा’ एवढा एक निरोप, याने तो तारा वाचतो.

पाण्याचंही तसंच. नर्मदेचं पाणी शहराच्या बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं. माणशी १३५ लिटर हा शहरी मापदंड धरला तर पाच जणांना दिवसाला ६७५ लिटर लागतात. गच्चीवर ५०० लिटरची टाकी असेल तर संध्याकाळी नळ कोरडा. आणि कचरा. इंदुरात तो सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो. बाहेरगावचा पाहुणा चहाचा गाळ आणि डायपर एकाच बादलीत टाकतो, गाडीवाले परत करतात, मालक पाहुण्याला फोन करतो, आणि ‘नियम फार’ म्हणून तारा कापला जातो. बादल्यांवर चित्रं चिकटवली आणि शेवटचं वर्गीकरण मालकाच्या माणसाने केलं की तक्रार येत नाही.

हे गळालेले तारे कुठे नोंदले जातात? स्वच्छता, वर्णनाचा खरेपणा, चेक-इन, संवाद, जागा, पैशाचा मोबदला, असे सहा पोट-तारे बिल्ला देणाऱ्या साइटवर असतात. अनेकांना वाटतं की यांची सरासरी म्हणजेच एकूण तारे. तसं नाही. एकूण ताऱ्यांचा प्रश्न स्वतंत्र विचारला जातो, आणि बिल्ला त्याच्यावरच ठरतो. सहाही ठिकाणी पाच देऊन एकूण चार देणारे पाहुणे असतात. ‘जागा’ या ताऱ्याचं दुखणं इंदुरात कायमचं, कारण घर घेताना मनात महाकाल असतो आणि घर इंदुरात असतं. अंतर नकाशावर आधीच दिसत असतं, पण तारा परतीच्या प्रवासात दिला जातो, दमलेल्या अंगाने.

म्हणून वाचताना एकूण आकड्याआधी शेऱ्यांची संख्या पाहावी, मग ‘वर्णनाचा खरेपणा’ आणि ‘स्वच्छता’ हे दोन पोट-तारे, मग तीन आणि चार तारेवाल्यांचा मजकूर. गीझर किती लिटरचा, टाकी केवढी, जिना किती मजल्यांचा, हे तिथेच सापडतं. पाच तारेवाले आभार मानतात आणि एक तारेवाले भांडतात.

ऑनलाइन शेरे कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत याचं राष्ट्रीय मानक २०२२ च्या नोव्हेंबरात आलं. खोट्या आणि विकत घेतलेल्या शेऱ्यांना आळा घालणं हा त्याचा रोख. ते ऐच्छिक आहे. चार ताऱ्यांचा अर्थ पाहुण्याला सांगायलाच हवा, असं बंधन त्याने कोणावर घातलेलं नाही.

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे आणि इंदुरात रिकामे फ्लॅट त्या हिशेबाने सजू लागले आहेत. मागचा सिंहस्थ २०१६ चा. दहा गुणांच्या साइटवर ३६ महिन्यांहून जुने शेरे काढून टाकले जातात, त्यामुळे तिथे त्या गर्दीतला एकही शेरा आज वाचायला मिळत नाही. २०२८ मध्ये दिसणारा प्रत्येक आकडा गर्दी नसतानाच्या दिवसांचा असेल, एक दिवसाआडच्या पाण्यावर आणि १५ लिटरच्या गीझरवर दोन-तीन माणसं राहून गेली तेव्हाचा.