बुडालेली बोली चुकीचीच असते का?

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर सतरंजी पसरली की पत्ते निघतातच. बहुतेक घरांत रमी असते, पण काही घरांत ब्रिजचे चार पक्के भिडूही जमतात. तिथे डाव संपल्या संपल्या हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "भाऊ, तीनवरच थांबायचं होतं ना!" चार इस्पिकची बोली, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी दहा हात करण्याचा वायदा (तीनच्या बोलीला नऊ पुरतात), एका हाताने बुडालेली असते आणि बोलणाऱ्याने घाई केली, असा निकाल तिथल्या तिथे लागतो.

हा निकाल बहुतेक वेळा गणिताला धरून नसतो.

सांघिक सामन्यात एकच डाव दोन टेबलांवर खेळला जातो आणि दोन्हीकडच्या गुणांतल्या फरकाचं 'इम्प' या सांघिक गुणांच्या एककात रूपांतर होतं. समजा, तुमची बाजू व्हल्नरेबल आहे, म्हणजे त्या डावात तुमची बक्षिसं आणि दंड दोन्ही मोठे आहेत. तुम्ही चार इस्पिक बोललात आणि दुसऱ्या टेबलावरची जोडी तीनवर थांबली. दहा हात झाले तर तुम्हाला ६२० गुण आणि त्यांना १७०. फरक ४५०, म्हणजे तुमची कमाई १० इम्प. नऊच हात झाले तर तुमचे १०० जातात, त्यांना १४० मिळतात. फरक २४०, म्हणजे ६ इम्पचा तोटा. दहा मिळवण्यासाठी सहा पणाला लावायचे असतील, तर सोळापैकी सहा वेळा, म्हणजे ३७.५ टक्के वेळा, डाव बनला तरी हिशेब बरोबरीत सुटतो. चाळीस टक्के शक्यता असलेली बोली दहातून सहा वेळा बुडेल आणि तरीही ती बोलणंच योग्य ठरेल. व्हल्नरेबल नसताना कमाई ६ आणि तोटा ५ असतो, म्हणून तिथे सुमारे ४५ टक्के लागतात.

आता ही शक्यता ओळखायची कशी? भिडूने एक इस्पिक बोललं, तुम्ही दोनवर नेलं, त्याने तीन बोलून विचारलं: जमेल का चार? एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ हे मोजमाप सगळे वापरतात. तुमच्याकडे इस्पिक राजा-८-५, बदाम ७-४, चौकट एक्का-९-६-२ आणि किलवर ९-७-४-३ आहेत. गुण सात. दुसऱ्या कुणाकडे इस्पिक ८-५-३, बदाम राणी-गुलाम-४, चौकट राणी-गुलाम-६-२, किलवर गुलाम-४-३. त्याचेही सातच. पण पहिल्या पत्त्यांत हुकुमाचा राजा आहे, बाहेर एक्का आहे आणि बदाम दोनच असल्याने तिसऱ्या बदामावर हुकूम मारता येईल. दुसऱ्या पत्त्यांतले गुण राणी-गुलामांत विखुरलेले. हुकमी डावात हे मोजमाप एक्का-राजाला कमी आणि राणी-गुलामाला जास्त लेखतं. पहिल्या पत्त्यांवर मी बेधडक चार म्हणेन, दुसऱ्यांवर पास.

माझं मत पडताळायची सोय आता संगणकात आहे. आपले तेरा पत्ते पक्के धरले तरी उरलेले ३९ पत्ते तिघांत जितक्या प्रकारे वाटता येतात, तो आकडा ८४ वर पंधरा शून्यांच्याही पुढे जातो. सगळे तपासणं अशक्य, म्हणून भिडूच्या बोलीशी जुळणारी हजारभर वाटपं यदृच्छेने काढायची आणि प्रत्येकात चार इस्पिक बनतं का ते पाहायचं. मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या 'जिब' या प्रोग्रामने हीच पद्धत वापरून १९९८ आणि १९९९ मध्ये संगणकांची जागतिक ब्रिज स्पर्धा जिंकली. या पद्धतीत एक उणीव आहे, ती लक्षात ठेवायलाच हवी. संगणक प्रत्येक डाव चौघांचे पत्ते उघडे धरून सोडवतो. खऱ्या टेबलावर पहिली उतारी करणारा अंदाजाने खेळतो आणि कधी त्याच्या एका पत्त्याने तुम्हाला डाव बहाल होतो. शिवाय भिडूच्या 'तीन'चा अर्थ आपणच संगणकाला सांगितलेला असतो. तो चुकला की उत्तरही चुकतं.

मग समोर आकडे असतानाही माणूस निकालावरून बोट का दाखवतो? जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना शस्त्रक्रियेचा एक निर्णय तपासायला दिला होता. डॉक्टरांसमोरची माहिती तीच, निर्णय तोच. रुग्ण वाचला असं सांगितलं तेव्हा लोकांना निर्णय चांगला वाटला. दगावला म्हटल्यावर तोच निर्णय वाईट ठरला. हवामान खात्याने पावसाची शक्यता ४० टक्के सांगितली आणि दिवस कोरडा गेला, तर त्या एका दिवसावरून अंदाज खोटा ठरत नाही. तसे शंभर दिवस तपासावे लागतात.

ब्रिजच्या नियमांनी यावर चांगली वाट काढली आहे. एखादा खेळाडू बोलताना रेंगाळला आणि त्यातून जोडीदाराला नको ती सूचना मिळाली अशी तक्रार आली, की त्या परिस्थितीत दुसरा कुठला पर्याय होता हे ठरवावं लागतं. नियम १६ सांगतो: त्याच दर्जाच्या आणि तीच पद्धत खेळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ज्याचा गंभीरपणे विचार केला असता आणि काहींनी जो निवडलाही असता, तो पर्याय. म्हणून पंच काही खेळाडूंना फक्त तेरा पत्ते आणि तोवरची बोली दाखवून विचारतात, "तुम्ही काय बोलाल?" डावाचं पुढे काय झालं, हे त्यांना सांगायचं नसतं.

कूलरसमोरच्या टेबलावरही हे सहज करता येतं. वादाचे तेरा पत्ते चिठ्ठीवर लिहा, बोली लिहा, कोण व्हल्नरेबल होतं ते लिहा, आणि तो डाव न पाहिलेल्या तिघाचौघांना वेगवेगळं विचारा.